लेकीची एसीआर टेस्ट आणि गंगापूर रोडची लॅब: चार तारे, तेही मोजून

नाशिकच्या गंगापूर रोडला हल्ली दर दोन मेडिकलमागे एक लॅब आहे. त्यातल्या एकीबद्दल लिहिते आहे. नाव लिहिणार नाही, कारण यात कौतुक आहे तशा तक्रारीही आहेत, आणि पुढच्या वर्षी डबी घेऊन मला त्याच काउंटरवर उभं राहायचं आहे. घरात टाइप वन डायबेटीसचं मूल असेल तर नावाशिवायही तुमचं काम अडणार नाही. मी जे बघितलं ते कुठल्याही लॅबमध्ये जाऊन बघता येतं.

माझी ओळख एवढीच, की मी अंबड एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या क्वालिटीत आहे. दिवसभर व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि प्लग गेज. कुठलाही रिपोर्ट हातात आला की मी आधी युनिट बघते, मग रेंज, मग कशाने मोजलं ते, आणि आकडा सगळ्यात शेवटी. घरचे याला खोड म्हणतात. लेक मनू आता साडेबारा वर्षांची, सहाव्या वर्षी तिचा टाइप वन निघाला. दंडावरचा सेन्सर, जेवणाआधीचं इन्सुलिन, रात्रीचं वेगळं, पोळीच्या कार्बचा हिशोब, हे सगळं आता अंगवळणी पडलंय. गेल्या वर्षी डॉक्टर मॅडमनी फाइलमध्ये एक नवी ओळ लिहिली: युरीन एसीआर, म्हणजे किडनीसाठीची लघवीची तपासणी, दरवर्षी.

सासूबाई लगेच म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीची किडनी कशाला तपासायची? धन्या-जिऱ्याचं पाणी दे, सगळं साफ होतं." मॅडमनी मला नियम सांगितला होता. मूल वयात यायला लागलं किंवा ११ वर्षांचं झालं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून ही तपासणी सुरू करायची. डायबेटीस होऊन दोन ते पाच वर्षं झालेली असली म्हणजे झालं, मग पुढे वर्षातून एकदा. मनू दोन्हीत बसत होती. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं, की डोळ्यांचा पडदा बघतात ना दरवर्षी, तसंच हे.

एसीआर म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन, क्रिएटिनिन हा स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ, जो किडनी लघवीत टाकते. किडनीची गाळणी शाबूत असेल तर ते लघवीत जवळपास उतरतच नाही. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की गाळणी झिरपायला लागते, पण सुरुवातीला इतकं थोडं, की मुलाला काही म्हणजे काही जाणवत नाही. सूज नसते, दुखत नाही, लघवीला फेससुद्धा येत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन तेव्हा नॉर्मलच असतं. नेहमीच्या युरीन रूटीनमध्ये रंगाची पट्टी बुडवतात, तिथेही 'प्रोटीन निल' येतं, कारण पट्टीवर एक प्लस उमटायला लिटरमागे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं. एसीआर त्याच्या कितीतरी आधी बोलतं. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत अल्ब्युमिन असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे झिरपायला लागलंय, ३०० च्या वर म्हणजे बरंच पुढे गेलंय. या मधल्या टप्प्यात सापडलं तर पुष्कळदा मागे आणता येतं. सगळा खटाटोप त्यासाठी.

म्हणून त्या 'फुल बॉडी चेकअप, इतक्या टेस्ट, इतक्या रुपयांत' छापाच्या जाहिरातींना टाइप वनच्या आईबापांनी भुलू नये. मी अशा पॅकेजची यादी बोट ठेवून वाचली. युरीन रूटीनच्या एका पट्टीतून निघणाऱ्या दहा ओळी दहा टेस्ट म्हणून मोजलेल्या, आणि एसीआरचा पत्ता नाही.

गेल्या वर्षी आम्ही आधी घराजवळच्या, पाथर्डी फाट्याकडच्या एका लॅबमध्ये गेलो होतो. ती वेगळी, तिचा हा रिव्ह्यू नाही, पण ती सांगितल्याशिवाय या लॅबची किंमत कळणार नाही. शाळा सुटल्यावर, खो-खोची प्रॅक्टिस करून घामाघूम झालेली मनू, दुपारचे चार. काउंटरवरच्या मुलाने डबी दिली, बाथरूम दाखवलं, संपलं. त्याने काही विचारलं नाही. रिपोर्टमध्ये आलं 'युरीन मायक्रोअल्ब्युमिन ६२ मिलिग्रॅम प्रति लिटर', शेजारी रेंज २० पर्यंत, आणि लाल अक्षरात 'हाय'. हे रात्री उशिरापर्यंत मोबाइल घेऊन बसले होते. मी मात्र युनिटवरच अडले. प्रति लिटर? मॅडमनी तर प्रति ग्रॅम सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "हा अर्धा रिपोर्ट आहे. यांनी क्रिएटिनिन मोजलंच नाही." त्याचं कारण मला लगेच पटलं. मूल पाणी जास्त प्यायलं की लघवी पातळ होते आणि अल्ब्युमिनचा आकडा खाली येतो, कमी प्यायलं की वर जातो. क्रिएटिनिन दिवसभर साधारण एकाच चालीने उतरत असतं, म्हणून त्याने भागलं की पाण्याचा फरक निघून जातो. भागाकार केलाच नाही तर तो आकडा किडनीबद्दल बोलतोय की पाण्याच्या बाटलीबद्दल, कळायला मार्ग नाही. शिवाय सॅम्पल चुकीच्या वेळचं. आदल्या २४ तासांत जोराचा व्यायाम झालेला असेल, ताप असेल, लघवीला जंतुसंसर्ग असेल, पाळी चालू असेल, किंवा शुगर फारच चढलेली असेल, तर किडनी धडधाकट असूनही अल्ब्युमिन वाढलेलं दिसतं. आणि वाढत्या वयाच्या मुलांत आणखी एक गंमत असते: दिवसभर उभं राहून, हिंडून-फिरून थोडं प्रोटीन उतरतं, रात्री आडवं झालं की थांबतं. त्यात आजार काही नसतो. म्हणून सकाळी उठल्या उठल्या पहिली लघवी, तीच द्यायची.

हे सगळं माहीत असलेली लॅब शोधत शोधत आम्ही गंगापूर रोडला पोचलो.

मी फोन केला तेव्हा पलीकडून आवाज आला, "ताई, पेशंट किती वर्षांची आहे? पाळी सुरू झालीय का? चालू असेल तर संपल्यावर चार-पाच दिवसांनी द्या. काल-परवा ताप होता का? खेळते का?" मी खुर्चीत सरळ बसले. इतकी वर्षं लॅबवाल्यांकडून मला एकच प्रश्न ऐकायला मिळाला होता: "फास्टिंग आहे का?" (एसीआरला उपाशीपोटी असण्याची गरजच नाही, आणि इन्सुलिन घेणाऱ्या पोरीला उपाशी ताटकळत ठेवणं तर नकोच.) आदल्या दिवशी डबी घ्यायला गेले तर सोबत मराठीत छापलेला एक कागद दिला. झोपण्याआधी लघवी करून घ्यायची, सकाळची पहिली, सुरुवातीची थोडी सोडून मधली धरायची, डबीवर वेळ लिहायची, दोन तासांत आणून द्यायची, जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवायची पण डीप फ्रीझरमध्ये नाही. गोठवलं तर अल्ब्युमिनचा आकडा खाली येऊ शकतो, हे मला त्या कागदाने शिकवलं. असा कागद ज्याने कोणी लिहिला त्याला माझ्याकडून एक तारा वेगळा.

फ्रीज म्हटल्यावर आमच्याकडे जो गदारोळ झाला तो सांगत नाही. ज्या फ्रीजमध्ये नैवेद्याचं दूध असतं त्यात ही डबी! शेवटी हे सकाळी तशीच पिशवीत घालून निघाले. पाथर्डी फाट्याहून मुंबई नाक्याची गर्दी चुकवायची तर साडेसातच्या आत निघावं लागतं, हे नाशिककरांना सांगायला नको. लॅब होम कलेक्शन करते, पण आमच्या भागात माणूस आठनंतर येतो, आणि मनू तोवर शाळेच्या रिक्षात बसलेली असते. डबी घरी ठेवून आजीच्या हातून द्यायची तर पुन्हा फ्रीजचा प्रश्न. गंगापूर रोड, कॉलेज रोड, पंडित कॉलनीकडे राहणाऱ्यांना ही अडचण नाही.

रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आला. अल्ब्युमिन १८ मिलिग्रॅम प्रति लिटर, क्रिएटिनिन १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, गुणोत्तर १२.९ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. तिन्ही आकडे वेगवेगळे छापलेले, शेजारी पद्धत लिहिलेली: इम्युनोटर्बिडिमेट्री. मी कॅल्क्युलेटरवर भागून बघितलं. १४० प्रति डेसिलिटर म्हणजे लिटरला १.४ ग्रॅम, १८ भागिले १.४, आलं १२.८६. बरोबर. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचं चिन्ह होतं आणि एसीआर ही टेस्ट त्या मान्यतेच्या आत होती. लक्षात ठेवा, मान्यता टेस्टनिहाय असते. लॅबला एनएबीएल आहे म्हणजे तिथली प्रत्येक टेस्ट त्यात आली असं नाही, जी येत नाही तिच्यापुढे खूण करतात. आमच्या कंपनीत आयएटीएफ १६९४९ चं ऑडिट असतं, लॅबवाल्यांचं आयएसओ १५१८९. मला त्या लोकांबद्दल उगाचच भाऊबंदकीची माया वाटते.

आता तक्रारी.

पहिली रक्ताच्या रिपोर्टची. मॅडमनी सोबत सीरम क्रिएटिनिनही सांगितलं होतं. आलं ०.५. त्याच्यापुढे लाल 'लो', कारण रेंज छापली होती ०.६ ते १.१, म्हणजे मोठ्या बायकांची. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. मुलांचे स्नायू कमी, म्हणून आकडाही कमी, या वयाला ०.५ अगदी नॉर्मल. त्याहून वाईट म्हणजे खाली 'ईजीएफआर', म्हणजे किडनी किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, छापला होता, मोठ्यांच्या सूत्राने. १८ वर्षांखालच्या मुलाला ते सूत्र लागूच होत नाही. मुलांचं सूत्र वेगळं, श्वार्ट्झचं, २००९ मध्ये सुधारलेलं: ०.४१३ गुणिले सेंटिमीटरमधली उंची, भागिले क्रिएटिनिन. मनूची उंची १४८. आकडा येतो १२२. लॅबने उंची विचारलीच नव्हती, मग मुलांचं सूत्र लावणार कुठून? आणि ईजीएफआर जितका मोठा तितकं छान असंही नाही. डायबेटीसच्या सुरुवातीच्या काळात किडनी उलट जास्त जोराने गाळते, मग आकडा वर गेलेला दिसतो. त्यावरून खूश होऊन बसण्यात अर्थ नाही.

मी फोन केला. काउंटरवरच्या मुलीला काही कळेना, पण तिने टाळलं नाही, नंबर घेतला. तासाभरात लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांचा स्वतःचा फोन. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. सॉफ्टवेअर वय बघत नाही, सगळ्यांना एकच रेंज टाकतं." क्रिएटिनिन एन्झायमॅटिक पद्धतीने करता का, विचारलं, तर हो म्हणाले. मुलांच्या छोट्या आकड्यांना ती पद्धत बरी, आणि श्वार्ट्झचं सुधारलेलं सूत्रही तिच्यावरच बेतलेलं आहे. दुरुस्त रिपोर्ट त्याच रात्री आला, लाल 'लो' गेलेला. मी समाधानाने झोपले. आणि या वर्षीच्या रिपोर्टमध्ये लाल 'लो' पुन्हा हजर! याला आम्ही म्हणतो, पार्ट बदलला पण डाय तशीच ठेवली. एका गिऱ्हाइकाचा कागद दुरुस्त करून काय उपयोग? नाशिकमधली इतर मुलं तोच रिपोर्ट घेऊन घरी जातात. पाचवा तारा इथे गेला.

दुसरी तक्रार बीपीची. वेटिंगमध्ये बसलं की एक उत्साही मुलगा सगळ्यांचं फुकट बीपी मोजतो. मनूच्या बारीक दंडाला त्याने मोठ्या माणसाचा पट्टा गुंडाळला, १०० च्या आत काहीतरी आलं, "एकदम मस्त" म्हणाला. दंडाच्या मानाने पट्टा मोठा असेल तर बीपी खरं असतं त्याहून कमी दिसतं. किडनीच्या बाबतीत बीपी हा एसीआरइतकाच महत्त्वाचा आकडा आहे. मुलांचं बीपी वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरच्या तक्त्याने बघतात, १३ वर्षांपासून पुढे १३० बाय ८० ही सीमा धरतात. चुकीच्या गेजने मोजून 'ओके' लिहिण्यापेक्षा न मोजलेलं बरं. त्याला मी एवढंच विचारलं, "दादा, छोटा पट्टा आहे का?" नव्हता. मॅडमच्या क्लिनिकमध्ये तीन मापांचे आहेत.

तिसरी तक्रार जास्त गंभीर आहे, आणि तिच्यावर मी अजून रागावलेली आहे.

या वर्षी एसीआर आला ३६. नियम सगळे पाळले होते. आदल्या दिवशी पांडवलेणीची चढण नाही, सायकल नाही, पाळी नाही. पण त्या आठवड्यात मनूला सर्दी होती, ताप नव्हता तरी शुगर अडीचशेच्या खाली यायला तयार नव्हती. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला तो घरच्या नंबरवर, आणि तो फोन दुपारी मनूच्या हातात असतो. आकड्याखाली छापील इंग्रजी ओळ: ही सुरुवातीच्या डायबेटिक नेफ्रोपॅथीची, म्हणजे डायबेटीसमुळे होणाऱ्या किडनीच्या आजाराची, शक्यता आहे. मी कामावरून आले तर पोरगी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली. "आई, डायलिसिस म्हणजे मशीन घरी आणावं लागतं का?"

एका रीडिंगवर असं छापायचं? आमच्याकडे एका पीसवर कोणी लॉट रिजेक्ट केला तर त्याला मी जाब विचारीन. एसीआरचा नियमही तोच आहे: तीन ते सहा महिन्यांत तीन सॅम्पल, त्यातली दोन वाढलेली आली तरच वाढलंय म्हणायचं. हा आकडा एकाच माणसात दिवसागणिक बराच हलतो. लॅबला हे पक्कं ठाऊक आहे, त्यांच्या त्या सुंदर मराठी कागदावरच शेवटी लिहिलंय, 'वाढलेला आल्यास पुन्हा तपासणी आवश्यक'. मग तीच ओळ रिपोर्टवर का नाही? पॅथॉलॉजिस्टना हेही फोनवर सांगितलं. ते ओशाळले, "वरून छापील कॉमेंट येते" म्हणाले. सॉफ्टवेअरवर ढकलायचं हे दुसऱ्यांदा झालं. आता रिपोर्ट फक्त माझ्या नंबरवर येतो. ते त्यांनी लगेच केलं, पण मागावं लागलं.

मनूला मॅडमनी जे सांगितलं ते मला लिहून ठेवावंसं वाटतं, कारण असा रिपोर्ट हातात पडला की आईबाप भलतीकडे वाहवत जातात. आधी मी माझा प्रश्न विचारला: पुन्हा वाढलेलं आलं तर गोळी? त्या म्हणाल्या, टिकून वाढलेलं असेल तर हो, एनालाप्रिलसारखी एसीई गटातली गोळी देतात. ती बीपीचीच गोळी आहे, पण किडनीच्या गाळणीवरचा दाब कमी करते. देताना पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघत राहायचं. आणि मुलगी आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते, ही गोळी गरोदरपणात चालत नाही, मोठी झाल्यावर तिला स्वतःला हे माहीत असायला हवं. मनू समोर बसून ऐकत होती. मॅडम तिच्यादेखत बोलतात, तिला वगळून नाही, हे मला आवडतं.

मग यांनी विचारलं, "आधीच सुरू करून टाकली तर? वाढायच्या आत?" त्यावर मॅडमनी २०१७ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाचं सांगितलं. टाइप वनच्या ४४३ किशोरवयीन मुलांना एसीई गटाची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, दोन्ही किंवा औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी देऊन बघितलं, तर एसीआरच्या मुख्य हिशोबात काही फरक पडला नाही. म्हणजे सरसकट गोळीला आधार नाही. आधार कशाला आहे? शुगरला. १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या डीसीसीटी अभ्यासात टाइप वनचे १,४४१ जण होते, १३ ते ३९ वर्षांचे. ज्यांची शुगर कसून सांभाळली, त्यांच्यात या पहिल्या टप्प्याचं अल्ब्युमिन उतरण्याचा धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला, पुढच्या टप्प्याचा ५४ टक्क्यांनी. मॅडम मनूकडे वळून म्हणाल्या, "तुझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.१ आहे. सातच्या आसपास आणू या. मशीनबिशीन काही नाही." पोरगी जरा सैलावली, आणि लगेच रविवारच्या मिसळीला परवानगी मागितली. पाव मोजून, एवढ्या अटीवर मिळाली.

पुढची दोन सॅम्पल त्याच लॅबमध्ये दिली. सर्दी गेल्यावर, काही आठवड्यांच्या अंतराने. १७.४ आणि १४. तीनातलं एकच वर, म्हणजे आत्ता काही नाही, पुढच्या वर्षी पुन्हा. इथे लॅबची एक गोष्ट फार आवडली: रिपोर्टवर जुने आकडे शेजारी शेजारी छापतात, तारखेसह. १२.९, ३६, १७.४, १४ असं एका ओळीत दिसलं की ३६ चा बाऊ आपोआप कमी होतो. प्रत्येक वेळी वेगळ्या लॅबमध्ये, जिथे डिस्काउंट असेल तिथे जाणाऱ्यांना हे सुख नाही. वेगवेगळ्या मशीनवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघताना जपावं लागतं, तेही आहेच. अजून एक: काही लॅब प्रति मिलिमोल युनिटमध्ये रिपोर्ट देतात. तिथे सीमा ३० नसून साधारण ३.४ असते. युनिट न बघता '५ आलं, किती कमी!' म्हणून निवांत झालात तर फसलात.

पैशाचं: एसीआरला आमच्याकडून ५५० घेतले. रिपीट सॅम्पलला सवलत मागितली तर दोन्हींना मिळून शंभर कमी केले. लॅब स्वतः म्हणते पुन्हा करा, तर रिपीटचं एक वेगळं पॅकेज का नसावं? फुल बॉडीचं असतं, तर हे ज्यांना खरंच लागतं त्यांना द्या. अनेक घरांत सेन्सर, पट्ट्या, इन्सुलिन यातच महिन्याचा पगार वितळतो, तिथे तीनदा ५५० हे लहान नाही. मग लोक दुसरं-तिसरं सॅम्पल देतच नाहीत, आणि एका रीडिंगवर एकतर घाबरून बसतात नाहीतर सोडून देतात.

स्टाफबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नाही. एकदा रक्त द्यायला रांगेत बसलो असताना मनूचा सेन्सर वाजला, शुगर ६४ आणि बाण खाली. मी पिशवीतून ग्लुकोज पावडर काढेपर्यंत काउंटरवरची मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आली. शुगर वर येईपर्यंत आमची जागा राखून ठेवली, आणि मग कोणाला न विचारता आम्हाला पुढे घेतलं. मागचे एक काका कुरकुरले, तर त्यांना म्हणाली, "काका, तिला इन्सुलिनवर उपाशी बसवता येत नाही." कोणी शिकवलं असेल तिला? सुई टोचणारे दादाही हलक्या हाताचे. ज्या पोरीच्या अंगाला दिवसातून कितीदा तरी सुई लागते, तिच्यापुढे "घाबरू नकोस हं" असली बडबड ते करत नाहीत.

पार्किंग नाही म्हणजे नाहीच. दुचाकीने जा. पहिला मजला, लिफ्ट आहे.

तर चार तारे. मुलांची रेंज आणि उंची घालून ईजीएफआर सुरू केलं, आणि ती घाबरवणारी छापील ओळ बदलली, तर मी स्वतः येऊन पाचवा टाकेन. तोवर ज्यांना जायचं आहे त्यांनी काउंटरवर 'युरीन एसीआर, क्रिएटिनिनसकट, प्रति ग्रॅम' असं स्पष्ट सांगा, नुसतं मायक्रोअल्ब्युमिन म्हणू नका. डबी आदल्या दिवशी संध्याकाळी आठच्या आत घ्या, नंतर शटर अर्धं खाली असतं. आणि रविवारी सॅम्पल देऊ नका. घेतात, पण मशीनवर सोमवारच्या बॅचला लावतात.